फुकट बसवून दिलेल्या संरक्षणाबद्दल

माननीय कॉम्प्युटरवाले शेठ,
भिवंडी



आमच्या घरच्या संगणकात आपण अँटिव्हायरसचं ‘फुल व्हर्जन’ टाकून दिलंत आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. घेतले ते फक्त बसवण्याचे तीनशे. एवढा दिलदार माणूस शहरात दुसरा नसेल.

ते ‘फुल व्हर्जन’ म्हणजे चोरीचं क्रॅक. ते चालावं म्हणून आपण आधी विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बंद केलात. तो पुन्हा आडवा येऊ नये म्हणून त्याच्या वगळायच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह घालून ठेवलात. काय ही दूरदृष्टी! पुढे तो चोरीचा परवाना बाद झाला, डिफेंडर आपोआप जागा झाला, ढालीवर हिरवी खूण उमटली. आम्ही निर्धास्त झालो. डिफेंडर मात्र आपल्या हुकमाप्रमाणे सी ड्राइव्हकडे पाठ करून उभा होता.

हा डिफेंडर विंडोज १० आणि ११ मध्ये मुळातच असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत, एवढं एक वाक्य बोलण्याची तसदी आपण घेतली नाहीत. आमच्यासारख्या अडाण्यांच्या डोक्याला ताप नको, हाच हेतू असणार.

एक दिवस मुलीचा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून घरी आला. तो उघडला तर प्रत्येक फोल्डरच्या जागी बाण लावलेला शॉर्टकट. याच संगणकावर बायको घरी बसून लूमवाल्यांची जीएसटीची कामं करते. पेनड्राइव्हमधल्या फाइली लपवलेल्या होत्या, त्या सापडल्या. पण ब्राउजरमध्ये साठवलेले लोकांचे पासवर्ड कुठे गेले का, हे कोण सांगणार? परक्यांचा विश्वास आमच्या घरात ठेवलेला होता, शेठ. बायको रात्रभर झोपली नाही.

तक्रार घेऊन आलो, तर आपण आणखी एक फुकटचा अँटिव्हायरस सुचवलात. “फुकटात कोण आपलं काय नेणार?” हा आपला प्रश्न मला फार आवडला. अवास्ट या अँटिव्हायरसच्या गिऱ्हाइकांनाही तसंच वाटत होतं. त्यांनी कुठल्या साइट पाहिल्या, ती माहिती जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली जात होती. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर ती कंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

आपल्याच धंद्यातल्या दोन माणसांची आठवण देतो, राग नसावा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय. दुरुस्तीला आलेल्या संगणकांतले व्हायरस काढायला संजयनी प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर एवढं घडू शकतं. आपल्या टेबलावर काय घडतं, ते आम्ही पाहिलं.

सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून घरच्या संगणकासाठी सफाईची साधनं मोफत देतं. आपण एवढे कामात, आपल्याला ते कळणार कधी?

आता एकच मागणं. आपण ज्यांना ज्यांना ‘फुल व्हर्जन’ दिलंत, त्या सगळ्यांना फोन करा. क्रॅक काढा, वगळायच्या यादीतून सी ड्राइव्ह काढा, विंडोजचे अपडेट चालू करा, पूर्ण स्कॅन करा आणि पासवर्ड बदलायला सांगा. बसवण्याचे तीनशे पुन्हा घ्या हवे तर, मी देतो.

कळावे,
आपलं एक गिऱ्हाईक
कामतघर, भिवंडी