डिडक्टिबलवाले अण्णा

कोल्हार भगवतीपूरला हल्ली घरटी नाही, तरी गल्लीआड एक अण्णा अमेरिकेला जाऊन आलेले असतात. मुलगा लोणीला इंजिनिअर झाला, पुण्यात चिकटला आणि तिथून न्यू जर्सीला उडाला. अण्णा ओळखायची खूण सोपी. कुणी पायाला पट्टी बांधून स्टँडवर आला, की बाकीचे विचारतात, 'काय झालं?' अण्णा विचारतात, 'कितीला पडलं?'

त्यांची तयारी व्हिसाच्याही आधीची. तिकडं दातांचा खर्च विम्यात बसत नाही असं कळल्यामुळे हलणारी दाढ इथंच उपटून घेतात; तिच्या शेजारचीही, संशयित म्हणून. बीपी-शुगरच्या सहा महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट जुन्या कॅलेंडरच्या पानांत बांधलेल्या असतात. जानेवारीच्या गोळ्या जानेवारीच्या पानात. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात जन्म गेलेला माणूस, एका गोळीचा खाडा होऊ देत नाही.

पॉलिसी काढताना मुलगा विचारतो, 'डिडक्टिबल किती ठेवू?' म्हणजे आधी आपल्या खिशातून किती भरायचे. तो आकडा मोठा, तर हप्ता लहान. अण्णा झोकात 'हजार डॉलर' म्हणतात आणि विमानात बसल्यावर त्याचे रुपये करून पाहतात. पुढचं जेवण त्यांना जात नाही. शिवाय जुनं दुखणं या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. बीपी जुनं, शुगर जुनी, गुडघे तर त्याहून जुने. अण्णांच्या अंगात नवं असं काही उरलेलंच नसतं.

मग एक दिवस ते बर्फावरून घसरतात. सून ९११ लावायला धावते, तर हे पडल्यापडल्या हात वर करतात. 'ॲम्ब्युलन्स नको! हे हजाराच्या आतलं पडणं आहे.' सून समजावते, १९८६ पासून इथं कायदाच आहे, इमर्जन्सीत आलेल्याला पैशासाठी न तपासता परत पाठवता येत नाही. 'तपासतील गं,' अण्णा कण्हत म्हणतात, 'पण बिल नंतर घरी येईलच ना?' शेवटी बॅगेतली आंबेहळद बाहेर निघते. रात्री ते मुलाला हळूच विचारतात, 'इथं आरोग्यमित्र कुठं बसतो रे?' आरोग्यमित्र म्हणजे दवाखान्यात बसणारा महात्मा फुले आरोग्य योजनेचा मदतनीस. ही योजना २०२३ मध्ये सरकारने रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्यांना ५ लाखांपर्यंत लागू करायची ठरवली, तो जीआर अण्णांना तोंडपाठ. न्यू जर्सीत त्याचा उपयोग शून्य.

परत आल्यावर मात्र अण्णा फुलतात. इतके दिवस आवरून धरलेलं सगळं एकदम दुखायला लागतं. गावातल्या डॉक्टरकडे जातात, इंजेक्शन घेतात आणि दोनशे रुपयांचं बिल कलमवार मागतात. 'सुईचे किती, औषधाचे किती, बघायचे किती?' डॉक्टर हात जोडतात. 'अण्णा, बघायचे राहू द्या.'

संध्याकाळी ओट्यावर मात्र, सोबत जाऊन आलेल्या बायकोशी, आक्कांशी, हिशेब वेगळाच चाललेला असतो.

'सहा महिने दोघंही ठणठणीत. एवढा हप्ता भरला, सगळा पाण्यात!'

आक्का मेथी निवडत असतात. 'मला खोकला झाला होता, तेव्हा रात्रभर लवंग धरायला लावलीत. तेव्हाच न्यायचं होतं दवाखान्यात. वसूल झाला असता.'

'तुझा खोकला कोल्हारचा आहे,' अण्णा म्हणतात. 'पॉलिसीत बसला नसता.'