सावकाश, पण वाफसा पाहून

मागे पडण्याचा एक फायदा असतो. जग पुढे जाऊन, दमून, तोंड फिरवून परत निघालं की आपण आपोआप सगळ्यांच्या पुढे असतो. आमचा वाशिम जिल्हा सध्या अशाच सोयीच्या जागी उभा आहे. २०१८ साली नीती आयोगाने देशभरातले मागे राहिलेले जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाच्या उस्मानाबादबरोबर आमचंही नाव लागलं. 'मागास' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून 'आकांक्षित' म्हटलं. थोडक्यात, सरकारच्या मते आम्ही हळू आहोत आणि हे काही बरं नव्हे. पुण्याच्या माझ्या भाच्याच्या मते आम्ही हळू आहोत आणि याहून बरं जगात काही नाही.

भाचा हिंजवडीला नोकरी करतो. त्याने पैसे भरून संथ जगण्याचं शिबिर केलंय. दिवाळीनंतर तो कारंज्याला आला तो समृद्धी महामार्गावरून गाडी हाणत, आणि खाली उतरताच म्हणाला, "मामा, आता मी हळू जगायचं ठरवलंय." सकाळी सहाला त्याचा फोन वाजला: उठा. सव्वासहाला वाजला: दीर्घ श्वास घ्या. सातला: पक्ष्यांचे आवाज ऐका. साडेसातला: कृतज्ञ व्हा. आमच्या घरातून यावर एकच प्रश्न आला. "बाप्पा! श्वास घ्याले बी तुले फोन सांगते काय रे? चार्जिंग संपली त काय करशीन?" भाच्याने हसून घेतलं, पण या गडबडीत त्याचं कृतज्ञ व्हायचं राहून गेलं आणि दुपारपर्यंत त्याला चैन पडलं नाही.

कारंजेकराला संथपणा शिकवणं म्हणजे नागपूरकराला ऊन समजावून सांगणं. आम्ही शकुंतला रेल्वेच्या वाटेवरची माणसं. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फुटांचे अरुंद रूळ, वेग ताशी वीसेक किलोमीटर आणि वाटेत आमचं कारंजा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होतं. मग डिझेल आलं, पण गाडीने स्वभाव बदलला नाही. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन उभी राहायची, मग तो फाटक उघडून पुन्हा डब्यात चढायचा. कोणी कोणावर ओरडायचं नाही. 'माझी गाडी सुटली' ही सबब मात्र कारंज्यात चालायची नाही. सुटलेली शकुंतला तरण्या पोराला धावत गाठता येते, हे मास्तरांनाही ठाऊक असायचं.

गंमत अशी की ही गाडी सुरू झाली ती घाईपायीच. बैलगाड्यांवरून वऱ्हाडचा कापूस रखडत जायचा. तो लवकर मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचावा, म्हणून किलिक निक्सन या गोऱ्या कंपनीने हे रूळ टाकले. बैलांच्या मानाने शकुंतला म्हणजे त्या काळची समृद्धीच. तेव्हाच्या एखाद्या आजोबांनी ती बघून नक्की म्हटलं असेल, "एवढी काय घाई लागली रे या लोकायले?" आता काही वर्षांपासून ती बंद आहे, आणि तिच्या संथपणाचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. त्यांतले रोज तिच्यातून जाणारे किती, हे विचारू नये. बसपेक्षा तिकीट फार स्वस्त म्हणून माणसं तिच्यात बसायची. तापाने फणफणलेलं पोर मांडीवर असेल तर कोणाला त्या खिडकीतून रान बघायची हौस नसते.

आता आमच्याच जिल्ह्यातून समृद्धी जाते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शेवटचा जून २०२५ मध्ये. सोळा तासांचा रस्ता आठ तासांवर आला. रस्ता इतका सरळ आणि एकसारखा की चालकाला बसल्या जागी गुंगी येते. तिला 'महामार्ग संमोहन' असं भारदस्त नावही आहे. शकुंतलेत ही सोय नव्हती. ती हळू जायची, पण इतके हादरे द्यायची की झोपायची कोणाची टाप नव्हती. उरला हिशेब वाचलेल्या आठ तासांचा. ते कुठे जमा होतात, हे कोणत्याच टोलनाक्यावर सांगत नाहीत. भाच्याचे जेवढे वाचले, तेवढे त्याने आमच्या ओट्यावर बसून फोनमध्ये घालवले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी त्याला शेतात रोडगे भाजायला बसवलं. गोवऱ्या पेटवल्या, जाळ खाली बसून लाल निखारा झाला तसे कणकेचे गोळे आत ठेवले, वरून राख ओढली. पाच मिनिटांनी त्याने विचारलं, "अजून किती वेळ?" म्हटलं, "होतील तेव्हा." त्याने काडीने एक उकरून पाहिला. वरून काळा, आत कच्चा. दुसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. मग वांग्याची भाजी रटरटू लागली, शेजारचा गडी येऊन टेकला, त्याच्या म्हशीची आणि सासऱ्याची हकीकत झाली. राख झटकून, रोडगा फोडून, तुपात बुडवून हातात आला तेव्हा भाच्याचा फोन वाजत होता. बहुतेक कृतज्ञतेचाच असावा. त्याचे दोन्ही हात तुपाने माखलेले होते.

यावरून शेतकरी निवांत असतो असं कोणी समजू नये. पाऊस पडून जमिनीला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आली की आमच्याकडची घाई हिंजवडीच्या चौकाला लाजवील. ट्रॅक्टरसाठी भांडणं, बियाण्यासाठी धावपळ, जेवायला कोणी बसत नाही. वाफसा गेला तर गेला. एकदा पेरलं की मात्र सोयाबीन आपले शंभरेक दिवस घेणारच. तिथे बांधावर जाऊन तोंड वाकडं केल्याने शेंग भरत नाही. शिबिर म्हणतं, सगळं हळू करा. महामार्ग म्हणतो, सगळं झटपट. शेतकरी आधी माती मुठीत दाबून बघतो आणि मग ठरवतो. हळू जायचं का, हे आपण ठरवलं तर त्याला निवांतपणा म्हणावं. तेच दुसऱ्याने सरकारी खिडकीआड बसून ठरवलं तर तो हेलपाटा, मग त्या खिडकीवर कितीही छान पाटी असो.

तेव्हा आमचा वेग वाढवायला निघालेल्यांनी तो जरूर वाढवावा. दाखल्याचा वाढवावा, पीकविम्याचा वाढवावा, रुग्णवाहिकेचा तर आजच वाढवावा. रोडग्यांचं आमचं आम्ही बघून घेऊ.