टाकीला चालंल का?

कोल्हापूरकडच्या गावांत गोबरगॅस असलेली घरं पुष्कळ. बहुतेक माणसं सकाळी दोन पाट्या शेण तेवढ्याच पाण्यात कालवतात, टाकीत सोडतात आणि आपापल्या कामाला लागतात. पण गावात एखादा असा असतोच, ज्याचं नुसत्या शेणावर भागत नाही. आमच्याकडं तो मान आबांचा. पोरं त्यांना ‘गॅसआबा’ म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी आबांना राग येत नाही, उलट ते पोराच्या हातातलं केळं संपायची वाट बघत उभे राहतात.

आबांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, टाकीला चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या. तुमच्याकडं पाहुणे आले की आबा चौकशीला येतात, “किती दिस ऱ्हाणार?” तुम्हाला वाटतं, माणूस अगत्याचा आहे. आबा मनात खरकट्याचा हिशेब मांडत असतात. दवाखान्यात कुणाला भेटायला गेले तर मोसंबी नेत नाहीत. तिच्या सालीतलं तेल टाकीतल्या जंतूंना बाधतं. केळी नेतात आणि रोग्यानं ती खाल्ली की साली पिशवीत घालून परत आणतात.

“शेण म्हंजे काय रं?” पारावर बसले की आबा सुरू होतात. “म्हशीनं रस काढून घेतल्याला चोथा. त्यात गॅस उरणार किती?” हे खरंच आहे. किलोभर शेणातून निघून निघून ४० लिटरच्या आसपास गॅस निघतो. शिळा भात, पीठ, भाकरीचे तुकडे यांतून त्याच्या कितीतरी पट. “मग नुसतं खरकटंच का घालत नाही?” असं एखादा नवखा विचारून बसतो, आणि त्याची शेवटची एसटी जाते.

“पोटागत हाय बग टाकीचं,” आबा मांडी बदलतात. टाकीत जंतूंच्या दोन फळ्या असतात. पहिली उतावळी, अन्न कुजवून त्याचं आम्ल करणारी. दुसरी सावकाश, त्या आम्लाचा मिथेन करणारी. खरकटं फार झालं की पहिली फळी सुसाट सुटते, दुसरी मागं राहते, टाकी आंबते आणि शेगडी फुसफुसून विझते. शेण हा आंबटपणा झेलतं, आणि दुसऱ्या फळीतले जंतूही शेणातूनच येतात. म्हणून शेण सोडायचं नाही, पण त्याला जोड द्यायची. जोडही मोजून. नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे २० ते ३० भाग हवेत. शेणाचं प्रमाण २५ च्या आसपास. कोंबडखतात ते १० च्या आगंमागं, म्हणजे नायट्रोजन फार. तेच जास्त पडलं की अमोनिया होऊन जंतू गारद होतात. भाताच्या पेंढ्यात ७० च्या घरात, म्हणजे कार्बन फार, आणि बारीक न करता टाकला तर वर तरंगून त्याची साय धरते. कोंबडखत आणि पेंढा एकमेकांच्या खोडी जिरवतात. हा सगळा हिशेब आबांनी पोल्ट्रीवाल्याच्या नव्या चुनकाम केलेल्या भिंतीवर कोळशानं मांडून ठेवला आहे. पोल्ट्रीवाला आता त्यांना लांबून बघितलं की मागल्या दारानं शेतात जातो.

आबांची चंची एकदा उघडून बघण्यासारखी आहे. एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात लिटमसच्या पट्ट्या, मधे चुन्याची डबी. सकाळी बाहेर पडणाऱ्या रबडीत निळी पट्टी बुडवायची, डोळ्यांजवळ धरायची. लाल झाली तर त्या दिवशी खरकटं बंद, नुसतं शेण, वर चिमूटभर चुना. बोटाला राहिलेला चुना मग तंबाखूला. “इतक्या मोठ्या टाकीला चिमटीनं काय हुतंय?” असं काकींनी एकदा विचारलं. आबा म्हणाले, “मात्रा म्हत्त्वाची.” हे मात्रेचं प्रवचन तासभर चाललं.

इतिहास काढला की आबा १८९७ पासून सुरू करतात. त्या साली मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढला होता. “तवा तुजा आजा रांगत हुता!” पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांचं नाव आलं की आबा जरा सावरून बसतात. त्यांच्या ‘आरती’ संस्थेनं पिठावर, खरकट्यावर चालणारं छोटं घरगुती सयंत्र केलं आणि २००६ साली त्याला लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. आबांना याचा अभिमान आहे, आणि आपल्याला कुणी लंडनला बोलावलं नाही याची बारीकशी खंतही.

मुलीचं लग्न ठरवताना आबांनी पत्रिका भटजींवर सोपवली आणि स्वतः व्याह्यांच्या परड्यात गेले. तिथं १९८४ चा दीनबंधू नमुना निघाला, घुमट जमिनीत, लोखंडी ड्रम नाही, गंजायची भीती नाही. आबा बाहेर येऊन म्हणाले, “घराणं चांगलं हाय.”

लग्नाच्या पंगतीत आबा स्वतः वाढायला उभे राहिले. मसालेभाताचा आग्रह असा की पाहुण्यांनी पानावर आडवे हात धरले तरी हातावर भात. जिलेबीच्या वेळी मात्र आबांचा हात आखडला. साखर झपाट्यानं आंबते, पानात राहिली तर टाकीचा निकाल. लोकांत कुजबुज झाली, बाप कंजूष दिसतो. आबांचं लक्ष मांडवामागच्या रिकाम्या पिंपांकडं होतं.

पण आचाऱ्यानं हात राखला नव्हता. तीन पंगती उठल्या आणि पिंपांचा तळसुद्धा झाकला नाही. व्याही ढेकर देत आले.

“आबा, बेत झकास जमला! पानात शीत ऱ्हायलं न्हाई बगा कुणाच्या.”

आबांनी रिकाम्या पिंपात डोकावून बघितलं.

“व्हय,” ते म्हणाले, “आचारी जरा बेताचाच बगाय पायजे हुता.”