एक्सेलकाका

प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतातच. आमचे बी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं आणि निवृत्तीनंतर आखायला उरलं काय, तर गॅस सिलिंडरची तारीख आणि काकूंच्या गोळ्यांच्या वेळा. अशा माणसापुढे जावई एकदा सहज बोलून गेला, "बाबा, मे महिन्यात सगळे मिळून युरोपला जाऊ या का?" जावई बोलला नि विसरला. काकांनी त्याच रात्री लॅपटॉप उघडला.

टूर कंपनीबरोबर जायचा प्रश्नच नव्हता. कारण, साडू. साडू आदल्या वर्षी कंपनीबरोबर जाऊन आले होते, रोज रात्री वरणभात जेवले होते, आणि टिटलिसवर शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी उभं राहून काढलेला फोटो त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. "मेंढरांसारखं बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा चढायचं. आपण आपले जाऊ. थोडं ट्रेननं, थोडं मोटारीनं." आपण म्हणजे काका, काकू, मुलगी, जावई, दोन नातवंडं आणि विहीणबाई. यातल्या सहा जणांना कुणी काही विचारलं नव्हतं.

महिनाभरात त्या एक्सेल शीटची पंधरा पानं झाली. हिरवा रंग म्हणजे बुकिंग झालं, पिवळा म्हणजे चौकशी चालू, लाल म्हणजे काकू नाही म्हणाल्या.

पहिला घोळ व्हिसाचा. शेंगेनचा नियम असा, की ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल तिथे. काकांनी स्वित्झर्लंडला पाच रात्री धरल्या होत्या. पण स्वित्झर्लंडची अपॉइंटमेंट मिळेना, फ्रान्सची मिळाली. झालं! स्वित्झर्लंडच्या दोन रात्री उचलल्या आणि पॅरिसला नेऊन चिकटवल्या.

"अहो, पण पॅरिसला पाच दिवस करायचं काय?" काकू.

"राहायचं!"

रेल्वेचा प्रांत त्यांचा खास लाडका. युरेलचा पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत यावर एक अख्खं पान आहे. पासवर बारा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, साठीच्या पुढच्यांना सवलत, म्हणून काका खूश. मग कळलं की फ्रान्सच्या वेगवान टीजीव्ही गाड्यांना पास असूनही सीटचं आरक्षण वेगळे पैसे भरून करावं लागतं. दोन दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत.

सगळ्यात मोठा धक्का दिला स्टुटगार्टच्या पुतण्याने. काकांनी फ्रँकफर्टहून पॅरिसला जाताना मानहाइमला गाडी बदलायला सात मिनिटं ठेवली होती. पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, सात मिनिटं फार कमी आहेत, इथल्या गाड्या उशिरा येतात." काका हसले. जर्मनीत? उशिरा? त्याने आकडाच पाठवला: २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर ती गाडी वेळेवरच धरतात. काकांच्या पिढीने जर्मनीवर जो विश्वास टाकला होता, त्याला असा तडा मी तरी प्रथमच पाहिला. त्यांना थोडा धीर आला तो पुतण्याच्या दुसऱ्या बातमीने. फार उशिरा आलेली जर्मन गाडी स्विस रेल्वेवाले बऱ्याचदा बाझलच्या पुढे येऊच देत नाहीत. तिथून आपली गाडी सोडतात आणि वेळ सांभाळतात. "बघा, याला शिस्त म्हणतात," असं काका लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते. लिफ्टमधल्या लोकांना बाझल कुठे आहे हे ठाऊक नव्हतं.

मोटार म्युनिकला घ्यायची आणि म्युनिकलाच परत करायची, कारण एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर भाड्यापेक्षा दंडच मोठा. सात माणसं आणि सात बॅगा, म्हणून नऊ सीटची व्हॅन. ऑस्ट्रियाच्या महामार्गासाठी दहा दिवसांचं विन्येट, म्हणजे टोलचं स्टिकर, ब्रेनर घाटाचा टोल त्याशिवाय वेगळा, इटलीत किलोमीटरप्रमाणे टोल. इटलीतल्या जुन्या गावांत ठरावीक भागात परवानगीशिवाय गाडी नेली, तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते. काकांनी व्हेरोनाच्या नकाशावर तो भाग लाल पेनाने असा गिरवला, की नकाशाच फाटला.

चालवणार कोण, हा प्रश्न मात्र शीटमध्ये नव्हता. उत्तर एका रविवारी पार्किंगमध्ये दिसलं. काका आपल्या वॅगन-आरच्या डाव्या सीटवर बसले होते. डाव्या हातात स्टीलचं ताट, ते स्टिअरिंग. उजव्या हाताने खराखुरा गिअर टाकत होते आणि पायाखालच्या रबरी मॅटवर नसलेला क्लच दाबत होते. ड्रायव्हरच्या सीटवर नातू. "आजोबा, चौक आला." "आला ना? मग तिकडे उलटी प्रदक्षिणा," म्हणत काकांनी ताट डावीकडे फिरवलं. वॉचमन आदराने उभा राहून बघत होता.

तुपावरून तर घरात युद्ध झालं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. काकांनी तो नियम छापून फ्रिजवर लावला. काकूंनी तो वाचला. "म्हणजे मेतकूट-भात कोरडा खायचा? विहीणबाईंना कोरडा वाढू?" अखेर तह झाला. तूप राहिलं, भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी आणि छोटा कुकर गेला. शीटमध्ये कुकरची ओळ हिरवी आहे, शेजारी वजन ग्रॅममध्ये.

तर हे लोक गेले आणि परतही आले. मानहाइमची गाडी अर्थातच चुकली. सगळे दोन तास फलाटावर बसले आणि तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. हे मला काकूंनी सांगितलं. काकांच्या सुधारित शीटमध्ये त्या जागी "दुपारचं जेवण, मानहाइम" अशी नोंद आहे, हिरव्या रंगात. व्हॅन म्हणाल तर जवळजवळ सगळी जावयाने चालवली. काका शेजारी बसून वेगमर्यादा वाचत होते. ट्रेनने झुरिकहून म्युनिकला जाताना गाडी ऑस्ट्रियाच्या ब्रेगेंझला क्षणभर थांबली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना उठवून खिडकीतून बघायला लावलं म्हणे. वाटेत देश मोजणाऱ्या टूरवाल्यांना नावं ठेवणारे हेच.

परवा मी विचारलं, "काका, व्हेनिस कसं वाटलं?"

"पार्किंग एक नंबर. मोटार पियाझाले रोमापर्यंतच जाते, पुढे बंद. पण आपलं आधीच बुक होतं."

"आणि शहर?"

"तेही बरं आहे."

गेल्या आठवड्यात ए विंगमधलं नवं लग्न झालेलं जोडपं त्यांच्यापाशी सहज म्हणालं, की दिवाळीत स्वित्झर्लंडला जावं म्हणतोय. काकांनी त्यांना घरी बोलावलं, लॅपटॉप उघडला आणि रात्री साडेअकरापर्यंत सोडलं नाही. ते जोडपं आता केरळला चाललंय. ट्रेनने की मोटारीने, हे काकांनी विचारायच्या आत त्यांनी विमानाची तिकिटं काढली.