मी आपला फार वेळ घेणार नाही

भाडेकरूसाठी कायदा आहे, ग्राहकासाठी आयोग आहे, एसटीच्या प्रवाशासाठीसुद्धा तक्रारवही आहे. श्रोत्यासाठी काय आहे? प्लास्टिकची खुर्ची. आणि ती अशी लावलेली, की मधल्या माणसाला उठायचं तर अख्ख्या रांगेचे गुडघे ओलांडावे लागतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपला समाज बसून ऐकतो आहे. एवढी सेवा एखाद्या सरकारी खात्यात झाली असती तर निवृत्तिवेतन तरी लागलं असतं.

गैरसमज नको. माझी तक्रार भाषणाच्या लांबीबद्दल नाही. १९५७ च्या जानेवारीत कृष्ण मेनन सुरक्षा परिषदेत जवळजवळ आठ तास बोलले. पण त्यांच्याकडे काश्मीर होतं. आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी प्रमुख पाहुण्यांकडे दोन नवी कपाटं होती. तीही त्यांनी वापरली नाहीत.

तुम्हीही असल्या कार्यक्रमांना जाताच, त्यामुळे क्रम पाठ असेल. आधी व्यासपीठावरच्या सर्वांची नावं. त्यात खजिनदार राहतात. मग त्यांची क्षमा मागून त्यांच्या कार्याचा गौरव. तो ऐकून उपाध्यक्षांचा चेहरा पडतो, म्हणून त्यांचाही. त्यानंतर ‘आधीच्या वक्त्यांनी माझे सगळे मुद्दे घेतले, आता मी काय बोलणार?’ हा प्रश्न. आपण भाबडेपणाने समजतो की आता गृहस्थ बसतील. मुद्दे संपले की बसावं, असा साधा हिशेब आहे. पण तो फक्त खालच्यांना कळतो, वरच्यांना नाही. पाहुणे स्वतःच्या प्राथमिक शाळेत शिरतात, तिथून गुरुजींच्या छडीवर, छडीवरून आजच्या तरुणांच्या मोबाइलवर, मोबाइलवरून न्यू जर्सीतल्या मुलाकडे. मुलाकडे बर्फ पडत असतो. कपाटं इकडे हार घालून उभीच.

आता मुख्य आरोप. पाहुण्यांच्या खिशात कागद होता. मी स्वतः पाहिला. त्यांनी तो काढला, उलगडला, चष्मा लावला आणि म्हणाले, ‘मी मुद्दे लिहून आणले होते, पण ते बाजूला ठेवून मी आज मनापासून बोलणार आहे.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःविरुद्धच्या आदेशावर इतक्या आनंदाने सही करणारी जमात दुसरी नसेल.

वास्तविक या बाबतीत मार्गदर्शक तत्त्वं उपलब्ध नाहीत, असं कुणी म्हणू शकत नाही. रोमच्या सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वीच वक्त्याच्या कामाचे पाच टप्पे नोंदवून ठेवले: मुद्दे शोधा, क्रमाने लावा, भाषेत बसवा, लक्षात ठेवा, मग बोला. आपल्याकडे पाचव्या टप्प्यावर थेट नेमणूक होते. बरं, रोम लांब पडत असेल तर गल्लीतलं देऊळ आहे. नारदीय कीर्तनात नमन होतं, मग पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण, मध्ये नामगजर, उत्तररंगात त्याच विषयाला धरून आख्यान. बुवा कितीही रंगले तरी फिरून त्या अभंगाशी येतात. म्हातारी माणसं मध्ये डुलकी काढतात, जागी झाल्यावर आपण कुठे आहोत हे त्यांना कळतं. आमच्या पाहुण्यांच्या भाषणात जागे असलेल्यांनाही ही सोय नव्हती.

शेवटाबद्दल तर बोलायलाच नको, कारण तो अनेकदा आला. ‘शेवटी एवढंच सांगतो’ झालं, पायांनी चपला चाचपून झाल्या. मग ‘जाता जाता’. मग ‘एक राहिलंच’. सूत्रसंचालकांनी चिठ्ठी पाठवली. ती पाहुण्यांनी वाचली आणि ‘वेळेचं भान ठेवायला हवं’ या विषयावर सविस्तर विवेचन केलं. तोपर्यंत बाहेर अल्पोपाहाराचे बटाटेवडे अशा अवस्थेला पोचले होते, की त्यांनाही श्रद्धांजलीपर दोन शब्द चालले असते. त्यानंतर अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन शिल्लक होतं, याचीही नोंद घ्यावी.

सबब माझी मागणी माफक आहे. माइक हातात देण्यापूर्वी वक्त्याकडून एका पोस्टकार्डावर विहित नमुन्यात माहिती भरून घ्यावी. आज नेमकं काय सांगायचं आहे, ते एका वाक्यात. त्याला आधार देणारे मुद्दे, जास्तीत जास्त तीन. प्रत्येकासाठी एक उदाहरण, शाळेतलं असल्यास एकदाच. आणि सर्वांत महत्त्वाचं, शेवटचं वाक्य आधीच लिहिलेलं. ते उच्चारताच माइक आपोआप बंद. कार्ड कोरं आल्यास शाल-श्रीफळ देऊन सन्मानाने खाली बसवावं. या आशयाचा अर्ज मी कार्यकारिणीला दिला. कार्यकारिणीने तो गांभीर्याने घेतला आणि ‘प्रभावी भाषणाची पूर्वतयारी’ या विषयावर व्याख्यान ठेवलं. वक्ते तेच.

रविवारी संध्याकाळी सहाला आहे. येणार असाल तर जरा लवकर या, आणि दाराजवळच्या दोन खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवा.