पाली व्याकरणाच्या मागे

(विद्यापीठाचं ग्रंथालय. परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी अडवून संशोधिका उभी. परिचर चष्मा पुसतो. तेवढीच विश्रांती.)

संशोधिका : काका, दहाच मिनिटं. ‘ग्रंथालय कर्मचाऱ्यांची वैयक्तिक पार्श्वभूमी आणि कार्यक्षमता’ हा माझा पीएचडीचा विषय. वय?

परिचर : दाखल्यावरचं की खरं?

संशोधिका : दाखल्यावरचं. वैवाहिक स्थिती?

परिचर : तिचा पुस्तकांशी काय संबंध?

संशोधिका : तोच शोधायचाय. विवाहित माणूस कामात जास्त समाधानी असतो, असं माझं गृहीतक आहे.

परिचर : आमच्या साहेबांचं लग्न कधीच झालं. समाधान बढतीच्या फायलीत अडकलंय.

संशोधिका : शिक्षण?

परिचर : बी.ए., दुसऱ्या वर्षाला सोडलं. ह्याच विद्यापीठात.

संशोधिका : म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी नाही. कार्यक्षमता कमी यायला हवी.

परिचर : काउंटरमागं भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या जनकांचा, रंगनाथनांचा फोटो आहे ना? १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, हार मीच घालतो. गणिताचे मास्तर ते. १९२४ साली मद्रास विद्यापीठानं ग्रंथपाल नेमलं, तेव्हा ग्रंथालयशास्त्र शिकलेले नव्हते. वर कंटाळून, परत शिकवायला जातो म्हणत होते! तुमच्या कागदावर किती गुण पडतील त्यांना?

संशोधिका : ते अपवाद, काका. अपवाद आम्ही काढून टाकतो.

परिचर : काढा. माझा हाराचा खर्च वाचेल.

संशोधिका : (कागद मिटत) जाऊ दे. संशोधन पद्धतीचं ते जाड पुस्तक कुठंय? संगणक ‘उपलब्ध’ म्हणतो आणि ००१.४२ च्या फळीवर नुसती धूळ.

परिचर : दुसरा मजला, पाली व्याकरण, खालची फळी, मागची रांग.

संशोधिका : तिथं कसं गेलं?

परिचर : कोर्सवर्कची परीक्षा आली की जातं. जिथं कुणी फिरकत नाही, तिथंच पोरं पुस्तक दडवतात. बी.ए.ला मीही तिथंच दडवायचो.

संशोधिका : (प्रश्नावली उलटसुलट करून) ह्याला रकानाच नाही! पण काका, माहीत आहे तर जागेवर का नाही ठेवत?

परिचर : जागेवर ठेवलं की दुसऱ्या दिवशी नवीन ठिकाणी जातं. तिथं असलं की निदान मला सापडतं.

संशोधिका : (इकडंतिकडं बघून, हळू आवाजात) माझं कार्ड भरलंय. सोमवारपर्यंत तिथंच राहू द्या. कुणाला सांगू नका.