डबीसकट

काही चिजं जन्मतःच ताठ असतात, तर काहींना आयुष्यभर कुणीतरी कमरेत धरून ठेवावं लागतं. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, ज्युराच्या डोंगरात होणारं मों दोर हे चीज दुसऱ्या जातीचं. ते इतकं मऊ असतं की त्याच्या भरवशावर सोडलं, तर रात्रीतून फळीभर पसरून मोकळं होईल. म्हणून साच्यातून बाहेर पडताच त्याच्या कमरेला स्प्रूसच्या सालीचा पट्टा आवळतात, स्प्रूसच्याच फळीवर मुरायला ठेवतात, अधूनमधून उलटतात, मिठाच्या पाण्यानं अंग पुसतात आणि मग स्प्रूसच्याच डबीत बसवतात. डबी मुद्दाम किंचित लहान घेतात. अंग चोरून बसावं लागल्यामुळे त्याच्या तांबूस-पिवळ्या सालीवर मंद लाटा उमटतात, ओहोटीनंतर ओल्या वाळूवर राहतात तशा. ही अडचण हेच त्याचं रूप. मोकळ्या डबीतलं सपाट मों दोर कुणी विकायला ठेवलं, तर गिऱ्हाईक त्याच्याकडे संशयानंच बघेल.

या पट्ट्यासाठी रानात जाणारी माणसं वेगळी असतात. त्यांना तिथं सांग्लिए म्हणतात. नुकतंच पाडलेलं झाड गाठायचं, वरची खरखरीत साल तासून टाकायची आणि तिच्याखालची ओली, लवचीक साल लांब पट्ट्यांत सोलून काढायची. पट्ट्या वाळवून त्यांच्या जुड्या बांधायच्या. चीज करणारा त्या पुन्हा पाण्यात घालून मऊ करतो. एका चिजाला पसरू न देणं एवढ्यावर एका माणसाचं घर चालतं, हे कळल्यापासून मला जगाच्या अर्थव्यवस्थेबद्दल थोडा जिव्हाळा वाटू लागला आहे. शिवाय हा पट्टा नुसता धाक घालून थांबत नाही. आपला राळेचा वासही हळूहळू तो चिजात सोडून देतो. त्यामुळे पहिला घास तोंडात गेला की आधी दूध आठवतं आणि मागाहून अरण्य.

हे चीज मुळात टंचाईचं अपत्य. या मुलखाचं थोरलं चीज म्हणजे कोंते. त्याच्या एका चाकाला सुमारे ४०० लिटर दूध लागतं. उन्हाळ्यात गावच्या गाई मिळून तेवढं सहज देतात. पण बर्फ पडलं, गाई गोठ्यात आल्या, वाटा बुजल्या, की दूध आटतं आणि घरोघरचं थोडं थोडं दूध घरातच राहतं. मग तेवढ्यातच भागेल असं छोटं, मऊ चीज लोक करू लागले. थंडी किती म्हणाल, तर जवळच्याच एका गावात जानेवारी १९६८ मध्ये पारा उणे ३६.७ अंशांवर गेला होता. (गावाचं नाव देवनागरीत लिहिण्याजोगं नाही, तेव्हा राहू द्या.) १९८१ साली या घरगुती चिजाला सरकारी मानांकन मिळालं आणि त्याच्याबरोबर नियमही आले. दूध कच्चंच हवं, गाई ७०० मीटरच्या वरच चरलेल्या हव्यात, चीज १५ ऑगस्ट ते १५ मार्च एवढ्यातच करायचं आणि १० सप्टेंबर ते १० मे एवढ्यातच विकायचं. म्हणजे भर उन्हाळ्यात हे चीज कायद्यानंच दुकानात नसतं. सुटीवर जाण्याची ही ऐट आमच्याकडे फक्त हापूसला साधली आहे.

ज्या डोंगराचं नाव या चिजाला मिळालं, तो जेमतेम १४६० मीटर उंच. त्याच्या पलीकडे स्वित्झर्लंड सुरू होतो आणि तिथलेही लोक याच नावाचं चीज करतात. साहजिकच आधी कुणी केलं हा वाद आहे. एका आख्यायिकेप्रमाणे १८७१ मध्ये पराभूत होऊन सीमा ओलांडणाऱ्या सेनापती बुर्बाकीच्या सैन्यातल्या एका फ्रेंच शिपायानं ही कृती पलीकडे नेली. जुन्या कागदांत मात्र या चिजाचा उल्लेख त्याच्याही आधी सापडतो. तरी मला तो शिपाई सोडवत नाही. पायात धड बूट नाहीत, सैन्य मोडलंय, गुडघाभर बर्फ आहे, आणि हा गृहस्थ मनात चिजाची कृती घोळवत सीमा ओलांडतोय!

हे चीज गरम करून खातात तेव्हा त्याला ब्वात शोद म्हणतात, म्हणजे गरम डबी. पोंतार्लिएजवळच्या एका घरी हिवाळ्यात मला हा सोहळा बघायला मिळाला. कृती विचाराल तर जवळपास नाहीच. झाकण काढायचं, लाकूड करपू नये म्हणून डबीला बाहेरून अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळायचा, चिजाच्या मध्यावर चमच्यानं भोक पाडायचं, त्यात लसूण आणि ज्युराची पांढरी वाइन घालायची आणि डबीसकट ओव्हनमध्ये अर्धा तास. पण काम जितकं कमी, तितकं ते करणाऱ्याचं गांभीर्य जास्त. भोक पाडण्याचा मान घरातल्या आजोबांचा. त्यांनी चष्मा पुसला, बाह्या सारल्या, चिजाभोवती दोनदा नजर फिरवली आणि विहिरीची जागा ठरवणाऱ्या पाणाड्याच्या निश्चयानं चमचा खाली नेला. मग वाइन. थोडी चिजाला, थोडी स्वतःला, आणि चिजाला कमी पडली की काय या शंकेनं पुन्हा थोडी स्वतःलाच. तोवर आजींनी बटाटे उकडले होते, मोर्तोचं धुरावलेलं सॉसेज कापलं होतं, ताटं मांडली होती. या सगळ्याला त्या घरात कुणी स्वयंपाक म्हणत नव्हतं. स्वयंपाक आजोबांनी केला होता.

डबी टेबलाच्या मध्यावर आली आणि मला लहानपणच्या गोष्टीतले लोण्यासाठी भांडणारे दोन बोके आठवले. त्या लबाड माकडाचं इथं काही चाललं नसतं. तराजूच्या पारड्यात राहील असा याचा तुकडाच पडत नाही. चमचा बुडवावा, तर एक लांब, आळसावलेली तार त्याच्यामागोमाग येते आणि शेजाऱ्याच्या ताटावरून, काचेच्या पेल्यावरून, कधी बाहीवरून आपल्या बटाट्यापर्यंत पोचते. कुणाचं किती, याचा हिशेब पहिल्या दोन मिनिटांतच बुडतो. तरी डोळे आपलं काम सोडत नाहीत. प्रत्येक जण अतिशय सभ्यपणे दुसऱ्याला आग्रह करतो आणि तितक्याच सभ्यपणे दुसऱ्याचा चमचा किती खोल गेला ते पाहून ठेवतो. बोलणं हवामानावर चाललेलं असतं. एवढ्या जवळून, एवढ्या प्रेमानं एकमेकांवर पाळत ठेवणारी माणसं मी पंगतीतसुद्धा पाहिली नाहीत.

शेवटी डबीच्या कडेला, सालीच्या पट्ट्याला धरून राहतो तो खरपूस, तपकिरी थर. त्याला पाहून मला आमच्या घरच्या दुधाच्या पातेल्याची खरवड आठवली. आजी ती शिंपल्यानं खरवडून काढायची, वर साखर भुरभुरायची आणि ज्याला त्या दिवशी कुणी रागावलं असेल त्याच्या हातावर ठेवायची. त्यामुळे संध्याकाळच्या सुमारास आम्ही भावंडं मुद्दाम काहीतरी आगळीक करून ठेवत असू.

इथं दावेदार दोघे होते. आजोबांचं म्हणणं, भोक मी पाडलं. सात-आठ वर्षांच्या नातवाचं म्हणणं, बटाटे मी धुतले. आजोबांनी वयाचा मुद्दा काढला, नातवानं वाढत्या वयाचा. आजोबा म्हणाले, माझ्या लहानपणी आम्ही सहा भावंडं होतो. नातू म्हणाला, म्हणजे तुम्हाला वाट बघायची सवय आहे. यावर आजोबांना उत्तर सुचेना, म्हणून त्यांनी पंच म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्याला शोभेल असं काहीतरी गुळमुळीत बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात लाकडावर चमचा घासल्याचा आवाज झाला. आजी डबी मांडीवर घेऊन, पट्टा बोटानं बाजूला करत, शेवटचा थर निवांत खात होत्या. “चालू द्या तुमचं,” त्या म्हणाल्या, “मी ऐकतेय.”